शांतम्माचे गुडघे मान्य व कबूल नाहीत

मल्लिनाथ बिराजदारांच्या घराला अठरा पायऱ्या होत्या आणि त्यांची बायको शांतम्मा त्यातली एकही पायरी गेल्या अकरा महिन्यांत उतरली नव्हती. घर धाराशिवात, दुमजली. वरचा मजला नंतर चढवला. तेव्हा गवंड्याने जागा वाचवायला बाहेरून जिना काढला आणि तो इतका उभा काढला, की घरभरणीला आलेल्या स्वामींनी खालूनच आशीर्वाद दिला. वर वारं लागतं म्हणून नवरा-बायको वर राहायला गेले आणि खालच्या दोन खोल्या भूमहून आलेल्या वैजनाथ तांबारेला भाड्याने दिल्या. त्याला एकोणीस वर्षं झाली. वारं अजून लागत होतं. गुडघे गेले होते.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि साखर तपासल्यावर सांगितलेलं परत घेतलं. तेव्हापासून शांतम्माचं जग म्हणजे वरची गॅलरी. समोरच्या शरणम्मा वारल्या, तेव्हा तर सगळं स्पष्टच झालं. शरणम्मा तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. लिंगायतांत माणसाला शेवटचं बसवून नेतात, फुलांनी सजवलेल्या विमानातून. विमानाला वर छत असतं. खाली उभ्या असलेल्या सगळ्या गल्लीने शरणम्माचा चेहरा पाहिला. शांतम्माला वरून झेंडूचं छत दिसलं.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "मला खाली राहायचंय. वरून बघून बघून गल्लीतल्या सगळ्यांची टकलं पाठ झाली. मरायच्या आधी माणसांची तोंडं बघू द्या."

मल्लिनाथअप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी लाऊडस्पीकरवरून गाड्या उशिरा येत असल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे शिव्या खाण्याची सवय होती, पण बसलेल्या माणसाला 'ऊठ' म्हणायची नव्हती. तरी वैजनाथला सांगावं म्हणून ते निघाले. दोन पायऱ्या उतरले आणि पुण्याहून नंदीशचा, म्हणजे मुलाचा, फोन आला. बाबा कुठे निघालेत हे कळल्यावर तो घाबरलाच. काही बोलू नका, आधी मी पाठवतो तो व्हिडिओ बघा, असं त्याने बजावलं.

व्हिडिओत काळ्या कोटातला एक माणूस पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहून घरमालकांच्या पाच चुका सांगत होता. अप्पांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. करार न नोंदवणं, मुदत संपल्यावर नवा करार न करणं, भाडेकरूला घरात तोंडी सवलती देणं, त्याच्याशी घरोबा वाढवणं. या चार त्यांनी एकोणीस वर्षांत मन लावून केल्या होत्या. पाचवी होती, जागा सोड म्हणून तोंडी सांगणं. भाडेकरू सावध होतो. आधी वकील, मग नोटीस. पाचवी चूक फोनमुळे थोडक्यात हुकली, असं त्यांना वाटलं आणि दोन पायऱ्या चढून ते परत आले.

पुढचे आठ दिवस ते वैजनाथच्या दारावरून मान भिंतीकडे वळवून जात होते, कारण तोंडावरून कळेल अशी धास्ती. नवव्या दिवशी वैजनाथने विचारलं, "अप्पा, मानंला काय झालंय? शेक घ्यायलाव का न्हाई?"

वकील दिग्विजय हे अप्पांच्या जुन्या आगारप्रमुखांचे भाचे. त्यांनी पहिल्याच बैठकीत एकेक कारण विचारायला सुरुवात केली. भाडं थकवलंय का? कधीच नाही, पहिल्या तारखेला सकाळी फोनवर येतं. पोटभाडेकरू ठेवलाय? नाही. जागेची नासधूस? उलट मागची तुंबलेली नाली त्याने स्वखर्चाने दुरुस्त केली. शेजाऱ्यांना त्रास? शेजारी त्याच्याकडून अर्ज लिहून नेतात. दिग्विजय वकिलांचा चेहरा उतरत गेला. असला भाडेकरू कायद्याला फार अडचणीचा असतो, असं त्यांनी खिन्नपणे सांगितलं. मग शांतम्माची गोष्ट ऐकली आणि त्यांना जरा हुरूप आला. मालकाला स्वतःला राहायला जागेची खरी गरज असली तर दावा चालतो. फक्त गरज नुसती खरी असून भागत नाही, ती दिसावी लागते.

त्यांनी नोटिशीचा मजकूर हाताने लिहिला आणि इतर कागदांबरोबर टायपिंगला पाठवून दिला. ही गोष्ट मंगळवारी दुपारी घडली. त्याच दिवशी संध्याकाळी वैजनाथ अठरा पायऱ्या चढून वर आला. त्याच्या हातात ती नोटीस होती.

वैजनाथ कोर्टाच्या फाटकासमोर टायपिंगचं टेबल लावतो हे अप्पांना माहीत होतं. तिथे अशी सात टेबलं होती. दिग्विजय वकिलांचे कागद गेली बारा वर्षं वैजनाथच्याच टेबलावर जातात, हे त्यांना माहीत नव्हतं आणि अप्पांचा भाडेकरू वैजनाथ म्हणजे आपलाच वैजनाथ, हे वकिलांच्या ध्यानात आलं नव्हतं. खुद्द वैजनाथच्याही ते उशिरा ध्यानात आलं. टायपिंगवाला नावं वाचत नाही, नुसती बोटांतून काढतो. दुसऱ्या पानावर स्वतःचं नाव तिसऱ्यांदा टाईप केलं तेव्हा त्याला ओळखीचं वाटलं.

तो चटईवर बसला. चहा झाला. अप्पांनी मान भिंतीकडे वळवली होती.

"अप्पा, चतुःसीमा चुकल्यात," वैजनाथ शेवटी म्हणाला. "नाली उत्तरंला हाय. तुमी पश्चिमंला लिवलीय. अशानं दावा पहिल्याच तारखंला लंगडा पडतो."

"बरं," अप्पा म्हणाले.

"आन् अव्वाच्या गुडघ्याचं एका वळीत उरकलंय. डॉक्टरचा दाखला जोडा, फोटू जोडा. असल्या केसा सगळ्या दुखण्यावरच उभ्या ऱ्हात्यात."

"वैजनाथ, मी तुला सांगणारच होतो."

"सांगायचं न्हवतंच. सांगितलं की आमी सावध होताव." त्याने कप खाली ठेवला. "पर सांगितलं असतं तर वाईट तरी वाटलं नसतं."

जागा सोडली असतीस का, असं अप्पांनी विचारलं. वैजनाथ खरं बोलणारा माणूस. नाही म्हणाला. त्याच्या टेबलावर आता पूर्वीसारखं काम येत नव्हतं, वकील पोरं स्वतःच लॅपटॉपवर लिहीत. घर चालत होतं ते त्याची बायको शिवकांता समोरच्या खोलीत ब्लाऊज शिवायची, पिको-फॉल करायची त्यावर. बायकांना खोली ठाऊक, गल्ली ठाऊक. दुसरीकडे तळमजला बघायचा तर पुन्हा बारा वर्षं गिऱ्हाईक जमवा.

शांतम्मा हे सगळं पलंगावरून ऐकत होती. तिने अगदी साधा तोडगा काढला. तुम्ही वर या, आम्ही खाली जातो. दोघेही पुरुष तिच्याकडे दयेने बघायला लागले. दुसऱ्या दिवशी दिग्विजय वकिलांनीही हाच तोडगा ऐकून डोक्याला हात लावला. खालच्या जागेचा हक्क एकाला दिलाय तेवढं पुरे नाही का, वरच्या मजल्याचाही द्यायचाय? तिकडे वैजनाथनेही शिवकांताला समजावलं, की जागेतून एकदा पाय काढला की हक्क सुटला. शिवकांताला हक्काचं फारसं नव्हतं. पोटुशी बाई माप द्यायला असला उभा जिना चढेल का, एवढंच तिने विचारलं. अशा रीतीने कायदा जाणणाऱ्या सगळ्यांनी मिळून तोडगा निकालात काढला आणि दावा दाखल झाला. टाईप वैजनाथनेच केला. नाली उत्तरेला गेली.

वैजनाथने वकील लावला नाही. सगळं शेवटी मलाच टाईप करायचंय, तर मधे आणखी माणूस कशाला, असा त्याचा हिशेब. त्याने आपलं उत्तर स्वतः लिहिलं आणि त्याची प्रत जिन्यात अप्पांच्या हातात देऊन पोच म्हणून सही घेतली. शांतम्माने ते वाचून दाखवायचा हट्ट धरला. अप्पांनी आधी काही पानं गाळायचा प्रयत्न केला, पण बाईने नवऱ्याचा बत्तीस वर्षांचा लाऊडस्पीकर ऐकला होता. गाळलेलं तिला लगेच कळत असे.

"कलम दोन," अप्पांनी वाचलं, "वादी व सदर शांतम्मा हे पती-पत्नी असल्याबाबतचा मजकूर प्रतिवादीस माहितीअभावी मान्य व कबूल नाही. तो वादीने शाबीत करावा."

"म्हंजी?"

"म्हणजे काही नाही. पुढचं ऐक. कलम चार. सदर शांतम्मा हिला गुडघ्यांचा विकार आहे हा मजकूर खोटा व लबाडीचा असून मान्य व कबूल नाही. सदर स्त्री ही दिवसातून अनेक वेळा जिन्यावरून चढ-उतार करते."

शांतम्मा बराच वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत बसली. मग तिने विचारलं, "एकोणीस वर्सं याच्या पोरीला मी हुग्गी करून घातली. लगीन झालं तिचं, तवा वटी मी भरली. मी कुनाची बायको हाय ते याला ठावं न्हाई?"

संध्याकाळी वैजनाथ वर आला तो निर्गुडीच्या तेलाची बाटली घेऊन. भूमच्या आठवडी बाजारात एक म्हातारा असलं तेल विकायचा. बहिणीकडे गेलं की वैजनाथ शांतम्मासाठी आणायचा, यंदाही आणलं होतं. शांतम्माने बाटलीला हात लावला नाही.

"गुडघंच न्हाईत तर त्याल कुठं लावू?" ती म्हणाली.

वैजनाथ उंबऱ्यातच बसला. त्याने फार समजावलं. उत्तर लिहायची ही रीतच आहे, बापजाद्यांपासूनची. समोरच्याच्या अर्जातलं जे नाकारलं नाही, ते कबूल केलं असं कोर्ट धरतं. म्हणून ओळन् ओळ नाकारायची. घराला छप्पर आहे असं लिहिलं तर छप्परही नाकारायचं. त्यात माणसाचा काही अपमान नसतो. एका दाव्यात त्याने एका पक्षकाराच्या सांगण्यावरून त्याच्या सख्ख्या आईला नाकारलं होतं आणि दोघं मायलेक त्याच टेबलाशेजारी बसून एका पुडीतले शेंगदाणे खात होते.

शांतम्माने हे सगळं ऐकून घेतलं. बाटली मात्र उंबऱ्यातच राहिली. वर्षभर वरून टकलं मोजणारी बाई रोज उतरते असं सरकारी कागदावर लिहिलंय, हे तिच्या मनात बसलं ते निघेना.

त्यानंतर गोष्टी एकामागून एक रीतीप्रमाणे होत गेल्या. अप्पांना सहज सुचलं, की जिन्याला धरायला लोखंडी कठडा बसवावा. उतरता नाही आलं तरी बाई चार पायऱ्या तरी खाली येऊन बसेल. वेल्डिंगवाला माप घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी वैजनाथने कोर्टात अर्ज दिला, की दावा चालू असताना वादी बांधकामात फेरबदल करत आहे.

"कठड्याला माझी हरकत न्हाई, अप्पा," त्याने जिन्यात थांबून सांगितलं. "बसवा म्हणून मीच म्हणलो असतो. पर मालकानं काम काढलं की जैसे थे मागायचंच असतंय. न्हाई मागितलं तर उद्या कोर्ट म्हणंल, तू झोपला होता का?"

दिग्विजय वकिलांना या अर्जाचा राग आला नाही, आनंदच झाला. कठडा झाला असता तर गरज कमी दिसली असती. त्यांनीही अर्ज दिला, की कोर्ट कमिशनर नेमून जिन्याची पाहणी व्हावी. दोन्ही अर्ज मंजूर झाले. कमिशनर म्हणून एका तरुण वकील बाईंची नेमणूक झाली आणि पाहणीच्या दिवशी जागेची व ताब्याची जी स्थिती असेल, ती पुढचा हुकूम होईपर्यंत दोघांनीही जैसे थे ठेवावी, असा आदेश निघाला. दोघांनी आपापल्या प्रती घेतल्या. वेल्डिंगवाल्याने कठडा दुसऱ्याला विकला.

पाहणीचा दिवस गुरुवार. दिग्विजय वकील सकाळीच येऊन शांतम्माला कसं बसायचं ते सांगून गेले. खुर्ची गॅलरीच्या आत, पाय लांब, गुडघ्याला फडकं. कण्हायचं, पण बेतानं. कमिशनरबाई वर येऊन तुम्हाला बघतील, चार प्रश्न विचारतील, झालं. आपण हुंदका आणू नये, तो आला तर आला.

कमिशनरबाईंचं नाव सृष्टी. सनद मिळून दीड वर्ष झालेलं, त्यामुळे काम मनापासून. त्यांनी टेप लावून एकेक पायरी मोजली. सगळ्या साडेआठ इंचाच्या आसपास, सहावी मात्र दहाची निघाली. गवंड्याचा हिशेब तिथे चुकला असावा. दिग्विजय वकिलांनी सहाव्या पायरीचा वेगळा फोटो काढायला लावला. अप्पांच्या मनात आशा आली. इथपर्यंत सगळं त्यांच्या बाजूने चाललं होतं.

मग सृष्टीबाईंनी खाली उभं राहून प्रतिवादीला त्याचं म्हणणं विचारलं. वैजनाथने घसा साफ केला. घरात बोलायची भाषा आणि कोर्टात बोलायची भाषा त्याच्या दोन वेगळ्या खिशांत असे. त्याने दुसरी काढली.

"वादीची कथित पत्नी ही धडधाकट असून सदर जिन्यावरून दिवसातून अनेक वेळा चढ-उतार करते," तो मोठ्याने म्हणाला, कारण लिहून घेणारं माणूस असलं की मोठ्याने बोलायचं ही त्याची सवय.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या. जिन्याच्या तोंडाशी शांतम्मा उभी होती. गुडघ्याचं फडकं सुटून लोंबत होतं. तिने भिंतीला एक हात लावला आणि पहिली पायरी उतरली.

दिग्विजय वकिलांनी तिला हाताने मागे जायची खूण केली. ती तिला दिसली नाही, किंवा दिसून ती थांबली नाही. अप्पा वर धावणार तोच वकिलांनी त्यांचा दंड धरला. मदत केली तर अर्थ वेगळा लागेल, न केली तरी लागेल, पण केली तर जास्त, असं ते कुजबुजले. शांतम्मा भिंत धरून, दातावर दात दाबून, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणून उतरत होती. मधेच तिच्या तोंडून कण्हणं निघालं, ते मुळीच बेतानं नव्हतं. दहा इंचाच्या पायरीवर ती बसली, बसूनच खाली सरकली आणि पुन्हा उभी राहिली. शिवकांता मशीन सोडून दारात आली होती. तिने तोंडावर पदर धरला होता. सृष्टीबाई घड्याळ बघून वेळ लिहीत होत्या.

नऊ मिनिटांनी शांतम्मा खाली पोचली. घामाने निथळत ती वैजनाथच्या पुढ्यात उभी राहिली. त्याच्या तोंडाकडे बघून तिने त्याला सांगितलं,

"मला जिना उतरता येत न्हाई."

मग ती कमिशनरबाईंकडे वळली. "लिवा, बाई. मला उतरता येत न्हाई म्हनून लिवा."

सृष्टीबाईंचं पेन कागदावर थबकलं. "आजी, नक्की काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं.

दिग्विजय वकिलांनी डोळे मिटून घेतले.

शांतम्माला आणखी काही सांगायचं होतं, पण तेवढ्यात तिचे दोन्ही गुडघे एकदम अडकले आणि ती शिवकांताच्या अंगावर कलली. वैजनाथने तिला दुसऱ्या बाजूने धरलं. आता त्याने पहिली भाषा काढली होती. "अव्वा, बसा. अव्वा, कशाला उतरलाव, मी काय खरं म्हणलो होतो का," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कमिशनरबाईंनी हे लिहून घेतलं नाही. ते त्याने म्हणणं नोंदवल्यानंतरचं होतं.

तिला वर न्यायचा प्रयत्न झाला. चौघांनी खुर्चीत घालून उचललं, पण सहा पायऱ्याही झाल्या नाहीत तोच ती अशी ओरडली, की शेजारचे लोक बाहेर आले. मग खुर्ची खाली आणली. शिवकांताच्या समोरच्या खोलीत, मशीनच्या बाजूला पलंग होता, त्यावर तिला निजवलं. शिवकांताने निर्गुडीचं तेल कोमट करून चोळलं. शांतम्माने चोळू दिलं.

अहवालात सगळं प्रामाणिकपणे आलं. वादीची पत्नी कुणाच्याही मदतीशिवाय जिना उतरली. नंतर प्रयत्न करूनही तिला वर नेता आलं नाही. पाहणी संपली त्या वेळी ती प्रतिवादीच्या ताब्यातील समोरच्या खोलीत पलंगावर होती. वादी वरच्या मजल्यावर राहतो. खाली सही, तारीख, वेळ.

दिग्विजय वकिलांनी तो तीनदा वाचला. मग अप्पांना स्थिती समजावून दिली. अहवाल अर्धा आपला आणि अर्धा त्यांचा आहे. त्यामुळे आता कुणीच हलायचं नाही. बाईंना वर नेलं तर ते म्हणतील, बघा, चढते. तुम्ही खाली राहायला गेलात तर प्रतिवादीच्या ताब्यात घुसलात असं होईल आणि जैसे थेचा हुकूम मोडेल.

"पण ती माझी बायको आहे," अप्पा म्हणाले.

"तो मुद्दा अजून शाबीत व्हायचाय," वकील म्हणाले. "तुम्ही जाऊ शकता. दिवसा, पाहुणा म्हणून. फक्त मुक्काम नको."

वैजनाथने आपल्या बाजूने हुकुमाचा हाच अर्थ लावला. त्यालाही अव्वांना घालवायचं नव्हतं आणि अप्पांना घ्यायचं नव्हतं, कारण एकदा मालकाला खोलीत मुक्काम करू दिला की ताब्याचा प्रश्न निघतो. मालकिणीचं वेगळं. ती कमिशनरच्या अहवालात होती.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. शांतम्मा खालीच राहिली. पाहणीनंतर आठ दिवसांनी ती पलंगावरून दारापर्यंत आली आणि पंधराव्या दिवशी दाराबाहेरच्या पायरीवर बसली. गल्लीतून जाणारं प्रत्येक माणूस थांबून बोलायचं, कारण वर्षभर त्यांनीही तिचं तोंड पाहिलं नव्हतं. बसून बसून हाताला काम हवं म्हणून तिने शिवकांताच्या ब्लाऊजना हूक लावायला घेतले. मग काजं करायला घेतली. माप द्यायला येणाऱ्या बायकांकडून तिला अख्ख्या धाराशिवच्या सुना, सासवा, सोयरिकी कळायला लागल्या. तिच्या अंगावर थोडं मांस चढलं. सोनारीला दर्शनाला गेलेल्या एका बाईने तिच्यासाठी भैरोबाचा अंगारा आणला, तर गुडघ्याला लावायचं ती विसरूनच गेली.

अप्पा वर एकटे. त्यांनी पहिल्या महिन्यात भात तीनदा जाळला. मग शिवकांता वर डबा पाठवायला लागली. त्यातली भाजी शांतम्माच्या हातची असे, हे ते चवीवरून ओळखत. रोज संध्याकाळी पाच वाजता ते इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरायचे, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसायचे आणि बायकोला काय चाललंय ते विचारायचे. ती सांगायला लागली, की तेवढ्यात कुणीतरी बाई येई. वर गेल्यावर ते घरात मोठ्याने बोलून बघत. आवाज अजून चांगला होता.

मार्चच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वैजनाथ वर आला. बऱ्याच दिवसांनी आला होता. प्रकरण युक्तिवादाला लागलंय, पुढच्या मंगळवारी तारीख आहे आणि त्यानंतर निकाल, असं त्याने सांगितलं.

"मी असली लई निकालपत्रं बघितल्यात, अप्पा," तो म्हणाला. "दाखले तुमचे चांगलेत. उतरली ते लागतंय खरं, पर नऊ मिनिटं लागली आन् परत चढता आलं न्हाई, हे जास्त लागतंय. निकाल तुमच्याकडनं जातोय."

"तू काय करशील?"

"बघू. भूमला जागा हाय. शिवकांताला तिथं गिऱ्हाईक न्हाई, पर जागा हाय." त्याने इकडेतिकडे बघितलं. घर बाईमाणसाशिवाय जसं दिसतं तसं दिसत होतं. "तुमी जिंकलाव म्हणून वाईट वाटून घेऊ नका."

अप्पा दुसऱ्या दिवशी पाच वाजायची वाट न बघता सकाळीच खाली गेले. शिवकांता बाजारात गेली होती. शांतम्मा पायरीवर बसून एका हिरव्या ब्लाऊजला हूक लावत होती. निकाल आपल्याकडून लागतोय, हे त्यांनी तिला सांगितलं. खालच्या दोन्ही खोल्या आपल्याला मिळणार. आता तिला कुणीही वर नेऊ शकत नाही.

"मग शिवकांता?" तिने विचारलं.

"भूमला जाईल म्हणतोय तो."

"मशीन?"

"मशीनही जाईल. इथं ठेवून काय करायचंय?"

शांतम्माने सुई ब्लाऊजला टोचून ठेवली. गल्लीतून एक ओळखीची बाई चालली होती, तिला हात केला. मग म्हणाली, "आन् मग दिसभर खाली मी काय करायचं?"

"मी असतो की," अप्पा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. एक्केचाळीस वर्षं संसार केलेली बाई बघते तसं.

"तुमी असतावच," ती म्हणाली.

अप्पा हिशेब मांडायला लागले. दावा हरला तर ती वर येणार आणि मग तिला पुन्हा टकलंच. जिंकला तर खाली येणार ते दोघंच. ती खाली अशी फक्त दावा चालू असेपर्यंतच राहू शकत होती. हे त्यांना उमगेपर्यंत शांतम्माने सुई पुन्हा उचलली होती.

"निकाल नगो," ती म्हणाली. "तारीख घ्या."

दिग्विजय वकिलांना असा अशील पहिल्यांदाच भेटत होता. जिंकत आलेला दावा पुढे ढकलून मागणाऱ्याला काय मार्गदर्शन करावं, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते चिडले. अप्पांनी ऐकून घेतलं. शिव्या खायची त्यांना सवय होती. मग ते स्वतः फाटकासमोरच्या टेबलावर गेले आणि वैजनाथसमोर बसून त्यांनी मुदतीचा अर्ज सांगितला. वैजनाथने मान खाली घालून टाईप केला. कारण काय लिहू, असं त्याने विचारलं, तेव्हा अप्पांनी सांगितलं, की वादीच्या पत्नीची प्रकृती. वैजनाथने तेही टाईप केलं. प्रत दोनदा वाकडी निघाली. त्याने पुन्हा पुन्हा प्रिंटरला दोष दिला.

मंगळवारी कोर्टाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. वादीला मुदत हवी होती आणि प्रतिवादीची काही हरकत नव्हती. असं सहसा होत नाही. पण समोर आणखी चाळीस प्रकरणं होती. तारीख मिळाली.

अप्पा घरी आले ते थेट समोरच्या खोलीत. शिवकांता मशीनवर होती, शांतम्मा पलंगाच्या काठावर. दोघींनी हातातलं काम थांबवलं.

"तारीख मिळाली," अप्पांनी सांगितलं. "उन्हाळ्याची सुट्टी धरून जूनची सोळा."

शिवकांताने सुस्कारा सोडून मशीनचं चाक फिरवलं. शांतम्माने दाताने दोरा तोडला.

"याच्या लांबची न्हवती व्हय?" तिने विचारलं.

पुढच्या वेळी बघू, असं अप्पा म्हणाले. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते स्टुलावर बसून राहिले. इतक्यात दारात एक नवी नवरी आणि तिची सासू येऊन उभ्या राहिल्या.

"अप्पा," शिवकांता टेप गळ्यात अडकवत म्हणाली, "जरा भायेर थांबताव का? माप घ्यायचंय."

मल्लिनाथअप्पा उठले आणि नोटीस, मुदत, हुकूम यातलं काहीही न लागता खोली रिकामी करून रस्त्यावर आले.